बाह्या न सरसावणाऱ्यांचा शर्ट

फ्रेंच कफ घातलेल्या माणसाला झटपट बाह्या सरसावता येत नाहीत. आधी दोन्ही मनगटांवरच्या कफलिंक, म्हणजे कफ जोडणारी सुटी बटणं, काढायच्या, त्या कुठेतरी जपून ठेवायच्या (टेबलावर ठेवल्या तर घरंगळतात, खिशात ठेवल्या तर धुण्यात जातात), मग दुहेरी दुमडलेला कफ उलगडायचा. एवढं करून तो वर चढवला की कोपराशी त्याचा बोळा होतो. तोवर ज्या कामासाठी बाह्या सरसावायच्या ते दुसऱ्या कुणीतरी उरकलेलं असतं.

अमेरिकेतल्या पुरुषांच्या पोशाखात या कफाची जागा कायम अवघडलेली का, याचं उत्तर मला या अडचणीतच दिसतं. इथे निवडणुकीला उभा राहिलेला माणूस, मग तो कोट्यधीश का असेना, कारखान्याच्या फाटकापाशी सभा घेताना कोट काढतो आणि बाह्या दोन घड्या वर घेतो. बराक ओबामांनी २००८च्या प्रचारात हे इतक्या वेळा केलं की ते त्यांचं चित्रच होऊन बसलं. डोनाल्ड ट्रम्प मात्र फ्रेंच कफात वावरतात. शर्टाच्या बाह्या वर घेतलेले ट्रम्प डोळ्यांसमोर आणून पाहा, येत नाहीत. दोघांनाही मतदारांनी दोनदा निवडून दिलं, तेव्हा कफावर निवडणुका फिरतात असं काही मी म्हणणार नाही.

माझी तक्रार ऑफिसांबद्दल आहे. गेल्या दहा वर्षांत इथल्या ऑफिसांतून टाय गेला, कोट गेला, त्यांच्यामागोमाग हा कफही गेला, आणि या सगळ्याचं स्वागत समता आली म्हणून झालं. मी न्यू जर्सीत राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी केलेला माणूस आहे. मला ती समता दिसली नाही. पायऱ्या होत्या तिथेच आहेत. त्यांवर सतरंजी तेवढी अंथरली गेली, आणि नव्याने आलेला माणूस नेमका तिथेच ठेचकाळतो.

ज्यांनी हा कफ जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या नेहमीच्या शर्टाचा कफ मनगटाभोवती नळीसारखा गुंडाळला जातो, एक कड दुसरीवर येते आणि बटण लागतं. अमेरिकेत त्याला 'बॅरल कफ' म्हणतात. फ्रेंच कफ दुप्पट लांबीचा असतो आणि त्याला बटण नसतं. तो स्वतःवरच मागे दुमडायचा, म्हणजे चार काजं एका ओळीत येतात, आणि दोन्ही कडा नमस्कारातल्या तळव्यांसारख्या एकमेकींना टेकवून त्यांतून कफलिंक ओवायची. इंग्रज त्याला नुसतं 'डबल कफ' म्हणतात. खुद्द फ्रेंच त्याला मस्केटियरांचा, म्हणजे जुन्या बंदूकधारी शिपायांचा, कफ म्हणतात. 'फ्रेंच' हे नाव अमेरिकनांच्या तोंडी रुजलं, आणि त्यातच बरंच काही आलं. आपल्याकडे सदऱ्याला लावायची साखळीची सोन्याची बटणं जावयाला द्यायची पद्धत होती, ती आठवा. वस्तू वेगळी, पण कल्पना तीच: जे बटण शिवलेलं नाही, काढून डबीत ठेवता येतं, ते दागिना.

लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवरच्या दुकानांत डबल कफाचा शर्ट ऑफिसचा शर्ट म्हणूनच विकला जातो आणि घेणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही. अमेरिकेत मात्र तो घातला की माणूस काहीतरी म्हणतो आहे असं समजलं जातं. हे पूर्वीपासून असंच होतं, असं नाही. स्वातंत्र्यापूर्वीच्या वसाहतींच्या जागी उत्खनन केलं की बाह्यांच्या जोडबटणांचे तुकडे सर्रास मिळतात. साध्या धातूचेही मिळतात. १४ एप्रिल १८६५च्या रात्री फोर्ड थिएटरमध्ये लिंकनना गोळी लागली तेव्हा त्यांच्या कफाला 'एल' अक्षराचं, सोन्याचं आणि ऑनिक्स या खड्याचं बटण होतं. लाकडाच्या ओंडक्यांच्या घरात जन्मलेला, कुऱ्हाड चालवून मोठा झालेला म्हणून ज्याची ख्याती, त्या माणसाच्या मनगटावर.

आणि मग ट्रॉय. न्यूयॉर्क राज्यात हडसनच्या काठी हे गाव आहे. १८२७च्या सुमारास हॅना माँटेग्यू नावाच्या तिथल्या एका बाईने, नवऱ्याचा अख्खा शर्ट रोज धुवायचा कंटाळा येऊन, त्याच्या कॉलरी कापून वेगळ्या केल्या, अशी गोष्ट सांगतात. शर्ट तोच, कॉलर रोज नवी. मग कफही सुटे झाले. या एका युक्तीवर गाव उभं राहिलं आणि त्याचं नावच 'कॉलर सिटी' पडलं. भरभराटीच्या काळात अमेरिकेतल्या दहांपैकी नऊ कॉलरी ट्रॉयच्या होत्या असं म्हणतात.

त्या कॉलरी आणि कफ धुवायचे, ब्लीच करायचे, खळ घालून कडक इस्त्री करायची, हे काम बायकांचं, त्यातही बहुतेक आयरिश. दिवसाचे बारा-चौदा तास उकळत्या पाण्याशी आणि तापलेल्या लोखंडाशी, आठवड्याला तीन-चार डॉलर. फेब्रुवारी १८६४ मध्ये केट मुलॅनी या विशीतल्या मुलीने सुमारे ३०० जणींची संघटना बांधली आणि संप केला. आठवड्याच्या आत मालक नमले, मजुरी २५ टक्क्यांनी वाढली. अमेरिकेतल्या बायकांची टिकून राहिलेली पहिली कामगार संघटना म्हणून तिची नोंद होते. मुलॅनीचं ट्रॉयमधलं घर आता राष्ट्रीय स्मारक आहे. १८६९चा पुढचा संप मात्र फसला. एक कारण असं की तोवर कागदी कॉलरी बाजारात येत होत्या, वापरून फेकायच्या. धुवायलाच नको तर धोबिणीच्या संपाला कोण भितो?

पांढऱ्या कफाबद्दल हळवेपणाने लिहिणाऱ्यांनी ट्रॉय विसरू नये, म्हणून इतकं सांगितलं. मीही विसरत नाही. 'व्हाइट कॉलर' या शब्दातला पांढरेपणा कुणाच्या तरी भाजलेल्या हातांनी आलेला होता.

ट्रॉयचा आपल्याशीही संबंध आहे. तिथलीच क्लुएट पीबॉडी ही कंपनी, तिचा ब्रँड 'ॲरो'. १९०५पासून पंचवीसेक वर्षं जे. सी. लेयेन्डेकर या चित्रकाराने तिच्या जाहिरातींसाठी रेखीव जबड्याचा, थंड नजरेचा जो 'ॲरो कॉलर मॅन' रंगवला, तो कित्येक अमेरिकन तरुणींना खराच वाटे. सॅनफर्ड क्लुएट याने कापड धुतल्यावर आटू नये म्हणून काढलेली प्रक्रिया म्हणजे 'सॅनफोरायझिंग'. आपल्या गिरण्यांच्या कापडाच्या काठावर 'सॅनफोराइज्ड' हा शिक्का पाहून आपल्या आधीच्या पिढीने शर्टपीस घेतले, आणि तो शब्द एका माणसाच्या नावावरून आला आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. १९९३ साली अरविंद मिल्सने ॲरो भारतात आणला. माझा पहिला 'ब्रँडेड' शर्ट तोच. कफ अर्थातच बटणाचा. (याच कंपनीच्या १९३०च्या दशकातल्या एका गाजलेल्या शर्टाचं नाव 'ट्रम्प' होतं. योगायोग आहे, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही.)

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना मऊ, शिवलेल्या कॉलरीच्या शर्टाची सवय लागली होती. कडक सुटी कॉलर पुन्हा गळ्यात अडकवायला ते तयार नव्हते. ब्रूक्स ब्रदर्सने १८९६ सालीच इंग्लंडच्या पोलो खेळाडूंवरून बटण लावलेल्या कॉलरीचा शर्ट आणला होता. तो मऊ, बटणाच्या कफाचा, विद्यापीठाच्या आवारात आणि ऑफिसात सारखाच चालणारा शर्ट पुढे अमेरिकन पोशाखाचा कणाच ठरला. घरोघर धुण्याची यंत्रं आली, साठच्या दशकात इस्त्री न लागणारं कापड आलं. ज्याला दुमडायला, ओवायला वेळ लागतो तो कफ आपोआप समारंभांकडे आणि बड्या लोकांकडे सरकला. कुणी कट केला नाही, पण जे उरलं त्याला अर्थ चिकटला.

त्या अर्थाचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे फ्रँकलिन रूझवेल्ट यांची 'कफ लिंक्स गँग'. १९२० साली उपाध्यक्षपदाची निवडणूक हरल्यावर रूझवेल्टनी प्रचारातल्या जवळच्या साथीदारांना सोन्याच्या कफलिंक दिल्या, एकीवर स्वतःची आद्याक्षरं, दुसरीवर त्या माणसाची. मग दरवर्षी ३० जानेवारीला, रूझवेल्ट यांच्या वाढदिवशी, ही मंडळी जमायची. १९३४ साली व्हाइट हाउसमध्येच जमली, रोमन झगे घालून, आणि 'हुकूमशहा' अशी टीका होत असलेले यजमान सीझर बनून मधोमध बसले होते. पराभवाच्या दिवसांतली दोस्ती मनगटावर बांधून घ्यायची, ही कल्पना मला आवडते. पुढे अध्यक्षीय शिक्का असलेल्या कफलिंक भेट द्यायचा रिवाज पडला, आणि आता वॉशिंग्टनमध्ये त्या घालणारा बोलताना हात जरा जास्तच हलवतो. ते मला आवडत नाही.

आता आजकडे येऊ. फ्रेंच कफाच्या विरोधातलं म्हणणं सोपं आहे आणि त्यात तथ्यही आहे: तो मिरवण्याचा प्रकार आहे, तो 'माझ्या हाताला काम नाही' असं सांगतो. खटला लढवणाऱ्या नव्या वकिलांना इथले ज्येष्ठ सांगतात की ज्युरीपुढे जाताना कफलिंक घालू नकोस. निकाल देणाऱ्या समोरच्या बारा नागरिकांत कुणी बस चालवणारा असतो, कुणी शाळेत जेवण वाढणारी. त्यांनी तुझं ऐकायला हवं, तुझं मनगट बघायला नको. हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. मी तरी घातली नसती.

पण ज्युरी आणि बँकेचं ऑफिस यांत फरक आहे. ज्युरीपुढे वकील काही वेळापुरता समान पातळीवर असतो. निकाल खरंच त्या बारांच्या हाती असतो. ऑफिसात निकाल साहेबाच्या हाती असतो, त्याने काहीही घातलेलं असलं तरी. २०१६ साली जेपी मॉर्गनने आणि मार्च २०१९ मध्ये गोल्डमन सॅक्सने पोशाखाचे नियम सैल केले. गोल्डमनच्या पत्रकाचा आशय असा होता की ग्राहकाची अपेक्षा ओळखून कपडे घाला, तुमच्या तारतम्यावर आमचा विश्वास आहे. वाचायला छान. पण तारतम्य दुकानात मिळत नाही. ते ज्याच्या बापाकडे, शाळेकडे, उन्हाळ्यात ज्या किनाऱ्यावर कुटुंब जातं तिथल्या शेजाऱ्यांकडे आधीच असतं, त्याच्याकडेच ते असतं.

माझ्या पहिल्या इथल्या ऑफिसात सोमवार ते गुरुवार कोट-टायची सक्ती होती आणि तसं छापील कागदावर लिहिलेलं होतं. मी तो कागद वाचला, तशी खरेदी केली, आणि चार दिवस कुणाच्याही बरोबरीने उभा राहिलो. शुक्रवारी 'कॅज्युअल' होतं. मी पुण्याहून आणलेली जीन्स आणि भडक टी-शर्ट घालून गेलो. बाकी सगळे खाकी पँट, फिकट निळा शर्ट, मोज्यांशिवाय लोफर. त्यांना कुणी पत्रक दिलं नव्हतं. मला कुणी काही बोललं नाही, आणि तेच तर सगळं होतं. टाय चुकला असता तर कुणीतरी हसून दुरुस्त केला असता.

कडक नियमांची हीच कृपा आहे, की ते शिकता येतात. फ्रेंच कफाचे नियम एका बैठकीत सांगून होतात. कोटाच्या बाहीतून कफ अर्धा इंच दिसावा. कफलिंकची नक्षी बाहेरच्या बाजूला. कोटाशिवाय हा कफ घालू नये. बटणाच्या कॉलरीबरोबर घालू नये. टक्सिडो, म्हणजे मेजवानीचा काळा सूट, असेल तर हाच कफ. पांढऱ्या बो टायचा सर्वांत औपचारिक पोशाख असेल तर मात्र दुहेरी नको, एकेरी कफच, त्यालाही लिंक. संपलं. खर्चाचं म्हणाल तर सोन्याची लिंक लागत नाही. रेशमी दोऱ्याच्या गाठी मिळतात, स्वस्तात, आणि जाणकार त्यांनाच मान देतात. उलट ज्याला साधेपणाचं प्रतीक मानलं गेलं ते बँकवाल्यांचं फ्लीसचं, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचं, बिनबाह्यांचं जाकीट पाहा. शंभर डॉलरच्या पुढे किंमत, आणि छातीवर कंपनीचं नाव, म्हणजे बाहेरच्याला विकतही मिळायचं नाही. २०१९ मध्ये ती बनवणाऱ्या पॅटागोनिया कंपनीने अशी नाव भरलेली जाकिटं सरसकट प्रत्येक कंपनीला द्यायची नाहीत असं ठरवलं तेव्हा वॉल स्ट्रीटवर जी चुळबुळ झाली, ती पाहून कुणाला वाटेल का की कपड्यांना आता काही महत्त्व उरलेलं नाही? कफलिंक कुणालाही घेता येते. ते जाकीट नाही.

इतिहासाकडे पाहिलं की दिसतं, साधं राहण्याची चैन ज्याला त्याला परवडत नाही. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक छायाचित्रं निघालेल्या अमेरिकनांपैकी एक; जवळजवळ प्रत्येक छायाचित्रात कोट, कडक कॉलर, आणि हसू नाही. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोच्या वुलवर्थमध्ये गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर जाऊन बसलेले चार काळे विद्यार्थी नीटनेटक्या, चर्चला जाण्याच्या तोडीच्या कपड्यांत होते. त्यांना कॅज्युअल राहता आलं नसतं. कुणी तरी 'गुंड' म्हणायला टपलेलंच होतं. हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आलेल्या बाबासाहेबांचा सूट गावोगावच्या पुतळ्यांवर निळ्या रंगात उभा आहे, आणि त्या सुटाचा अर्थ ज्यांना कपडे नाकारले गेले त्यांना पहिल्या नजरेत कळतो. ज्याचा दर्जा कुणी कधी विचारला नाही, तो हुडी घालून अब्जाधीश होऊ शकतो. बाकीच्यांना दारावरचा पहारेकरी ओळखपत्र विचारतो.

यावर कुणी म्हणेल, मग काय सगळ्यांना पुन्हा टाय-कफात कोंबायचं? अजिबात नाही. उन्हाळ्यात न्यू जर्सी-मॅनहॅटन ट्रान्स-हडसन गाडीच्या फलाटावर उभं राहिलेल्या माणसावर मी कोटाची शिक्षा लादणार नाही. शिवाय ते नियम पुरुषांनी पुरुषांसाठी केलेले होते, आणि बायकांना त्याच ऑफिसात काय घालायचं हे कुणी धड लिहून दिलं नव्हतं. त्यांनी अंदाजानेच काढलं, आणि अंदाज चुकल्याची किंमतही मोजली. मला एवढंच हवं आहे की नियम काढायचे असतील तर खरेच काढा. नाहीतर लिहून ठेवा.

अमेरिकेच्या सिनेटने तेवढं तरी केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये बहुमताचे नेते चक शूमर यांनी सभागृहातला न लिहिलेला पोशाखाचा दंडक सैल केला, सिनेटर जॉन फेटरमन हाफ पँट आणि हुडीत येऊ लागतील म्हणून गदारोळ झाला, आणि दहाएक दिवसांत सिनेटने एकमताने ठराव केला: पुरुषांनी कोट, टाय आणि पँट. ज्या सभागृहाचं सरकारी खर्चावर एकमत होत नाही त्याचं पँटवर झालं, याची चेष्टा भरपूर झाली. पण मी त्या ठरावाच्या बाजूने आहे. आजवर जो संकेत होता तो आता कागदावर आला. उद्या कुणी बसचालक निवडून आला तर त्याला काय घालायचं ते वाचता येईल.

आणि फ्रेंच कफ? त्याला मी लग्नात, मेजवानीत, अपील कोर्टात, आणि ज्याला रोज आवडतो त्याच्या रोजच्या सुटाखाली आनंदाने जागा देईन. कफावर स्वतःची आद्याक्षरं भरून घेणाऱ्याला देणार नाही. आपलं नाव आपल्याला पाठ असतं. डॉलरच्या चिन्हाच्या, फिरत्या रुलेटच्या कफलिंक घालणाऱ्यालाही नाही. माझ्याकडे एकच असा शर्ट आहे आणि गडद निळ्या रेशमी गाठींची एक जोडी; वर्षातून तीन-चारदा बाहेर निघते.

मागच्या वर्षी भाच्याला इथल्या एका कंपनीत मुलाखतीला बोलावलं. आदल्या रात्री तो सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. कंपनीने कळवलं होतं, पोशाखाचं बंधन नाही, तुम्ही जसे आहात तसे या. "मामा, म्हणजे नक्की काय घालू?" त्याने विचारलं. मी माझ्या कपाटाकडे पाहिलं, सूट सुचवला; तो म्हणाला, सूट घातला तर बाहेरचा आहे हे लगेच कळेल. मग आम्ही दोघांनी कंपनीच्या साइटवरचे कर्मचाऱ्यांचे फोटो उघडले आणि रात्री साडेअकरापर्यंत, एकेक फोटो मोठा करून, लोकांच्या पायातले बूट बघत बसलो.